गळाची चरखी निवडताना



रब्बीची काढणी आटोपली, की तळ्याकाठी गळ टाकून बसणारी मंडळी गावोगाव दिसू लागतात. पूर्वी वेळूची काठी, दोरा आणि गळ एवढ्यावर काम भागे. आता तालुक्याच्या बाजारात आणि घरबसल्या मोबाईलवरही चरखीचे गळ मिळतात. चकचकीत वस्तू पाहून तरुण मुले हजार-दोन हजार रुपये घालवतात आणि चार दिवसांनी ती चरखी माळ्यावर जाते. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. तेव्हा घेण्यापूर्वी चार गोष्टी समजून घ्या.

चरखीचे मुख्य प्रकार चार. पहिली साधी चाकाची. मूठ एकदा फिरवली की चाकही एकदाच फिरते, विहिरीवरच्या रहाटासारखे. तिच्यात दातेरी चक्रे नाहीत, म्हणून बिघाड कमी. मात्र गळ लांब फेकता येत नाही. काठाजवळच मासा धरायचा असेल, तर ही पुरते.

दुसरी आडवी फिरकी असलेली. पतंगाची फिरकी तुम्ही पाहिलेलीच आहे. ती दोऱ्यापेक्षा वेगाने फिरली की गुंता होतो. या चरखीचेही तसेच आहे. गळ फेकताना फिरकीवर अंगठ्याचा दाब अचूक हवा, नाहीतर दोऱ्याचे घरटे होते. मोठ्या, जड माशाला ही उत्तम. पण शिकाऊ माणसाने हिच्या वाटेला जाऊ नये.

तिसरी स्थिर रिळाची, काठीच्या खाली लटकणारी. हिला दुकानदार ‘स्पिनिंग’ म्हणतात. फेकताना हिचे रीळ फिरतच नाही. दोरा रिळाच्या तोंडावरून वेटोळ्यांनी सुटतो, म्हणून गुंता कमी. इंग्लंडमधील इलिंगवर्थ नावाच्या लोकर-गिरणीमालकाने १९०५ साली या धर्तीच्या चरखीचे पेटंट घेतले. गिरणीतल्या चात्यांवरून त्याला ही युक्ती सुचली, असे सांगतात.

चौथी झाकणाची, मागे बटण असलेली. हाताळायला सर्वांत सोपी, पण लहान माशांपुरतीच.

आपल्याकडे रोहू, कटला, मृगळ हे मासे मुख्य. दोन ते पाच किलोच्या माशासाठी स्थिर रिळाची, ३००० किंवा ४००० आकड्याची चरखी घ्यावी. हा आकडा चरखीचे आकारमान सांगतो, किंमत किंवा ताकद नव्हे. तिच्यावर ०.३० ते ०.३५ मिलिमीटर जाडीचा नायलॉन दोरा १०० ते १५० मीटर भरावा. रीळ काठोकाठ भरू नका. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी ठेवा. दोरा जास्त झाला तर आपोआप सुटतो, कमी झाला तर गळ लांब जात नाही. मरळ मात्र गवता-शेवाळात दडणारा मासा. त्याच्यासाठी दोरा अधिक मजबूत लागतो.

दुकानात मूठ फिरवून पाहा. खरखर लागली किंवा मूठ डुगडुगली, तर ती चरखी परत ठेवा. नंतर ब्रेक तपासा, त्याला ‘ड्रॅग’ म्हणतात. मासा जोरात ओढू लागला की ब्रेकने दोरा सावकाश, एकसारखा सोडला पाहिजे. हिसक्याने सोडणारा ब्रेक दोरा तोडतो. घरी काठीला चरखी लावून दोऱ्याचे टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधा आणि ओढा. दोरा सहा किलोचा असेल, तर काटा दीड ते दोन किलो दाखवेल तेव्हा चरखीने दोरा सोडावा. म्हणजे दोऱ्याच्या ताकदीच्या चौथा ते तिसरा हिस्सा.

घरी परतल्यावर चरखी ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, ब्रेक सैल करून ठेवा. मुठीच्या सांध्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एखादा थेंब पुरे. वाळू हा चरखीचा खरा शत्रू, म्हणून ती काठावर जमिनीवर टाकू नका.

आता चरखीपेक्षा महत्त्वाचे. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. शिवारावरून विजेच्या तारा गेल्या असतील, तर त्यांच्याखाली काठी उभी धरू नका आणि गळही फेकू नका. आभाळ गडगडू लागले की काठी खाली ठेवून घर गाठा. प्लास्टिक कागदाच्या शेततळ्यात गळ टाकूच नका; गळाचे टोक कागदाला भोक पाडते आणि वर्षाचे पाणी जमिनीत जाते. अशा तळ्याचा उतार शेवाळाने निसरडा होतो, पडलेला माणूस पोहता येत असूनही वर चढू शकत नाही. काठाला गाठी मारलेला दोर कायम बांधून ठेवा आणि मुलांना एकटे सोडू नका.

तुटलेला नायलॉन दोरा काठावर टाकू नये. तो जनावरांच्या पायात आणि पाखरांच्या पंखांत अडकतो, चाऱ्याबरोबर पोटातही जातो. पुष्कळशा जलाशयांत मासेमारीचा हक्क ठेक्याने सहकारी संस्थेला दिलेला असतो. गळ टाकण्यापूर्वी तिची परवानगी घ्या. पावसाळ्यात अंड्यांवर आलेली मादी गळाला लागली, तर तिला पाण्यात सोडून द्या.

अंथरूण पाहून पाय पसरावे. घरच्या कालवणापुरता मासा हवा असेल, तर वेळूची काठी आजही पुरेशी आहे.