व्यवसाय कर जातो कुठे?

एप्रिल महिना आला की बिदरच्या गांधी गंजातील आणि कलबुर्गीच्या नेहरू गंजातील आडत्यांपासून भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदच्या किराणा दुकानदारांपर्यंत सर्वांना व्यवसाय कराची आठवण होते. पगारदारांना आठवण ठेवावी लागत नाही. त्यांचे दरमहा २०० रुपये पगारातूनच कापले जातात, आणि २०२५ सालच्या दुरुस्तीपासून फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २५००. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने घातलेली कमाल मर्यादाही तेवढीच आहे आणि १९८८ नंतर ती हललेली नाही. गंजात कोटींची उलाढाल करणाऱ्यालाही यापेक्षा एक रुपया जास्त लावता येत नाही. त्यामुळे या कराचा चटका वरच्यापेक्षा खालच्याला जास्त बसतो, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

पण आमची तक्रार रकमेची नाही. हा पैसा जातो कुठे, हा आमचा प्रश्न आहे.

उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत आपल्याच बिदर जिल्ह्यात होते. आपल्यातील बहुतेक घरांचे सोयरे आजही तिकडे आहेत. उदगीरच्या मोंढ्यात दुकान असलेला आपला पाहुणाही व्यवसाय कर भरतो. फरक असा की त्याच्या राज्याने तो कर बसवतानाच कशासाठी ते सांगितले होते. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात केलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना पुढे आली. १९७२ च्या दुष्काळात तिची कसोटी लागली. दुष्काळ संपल्यावर योजना चालवायला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न आला, तेव्हा महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. त्या वेळी मुख्यमंत्री नांदेडचे शंकरराव चव्हाण होते. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि या कराचे उत्पन्न स्वतंत्र निधीत जाऊ लागले. जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून त्यात घालायची, असे कायद्यातच लिहिले गेले. शहरातल्या नोकरदाराने आणि व्यापाऱ्याने भरायचे, खेड्यातल्या मजुराला काम मिळायचे, असा तो सौदा होता. मुंबईने त्याचा मोठा भार उचलला.

आपल्या कर्नाटकात हाच कर १९७६ च्या कायद्याने आला. नाव तेच, पद्धतही तीच. मात्र तो सरळ राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो. तिथून पुढे त्याचे काय होते, हे कोणी कोणाला विचारत नाही.

याचा लहान दुकानदाराशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो कोणाही किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत दिसतो. रोजगार हमीची मजुरी बँकेत साठत नाही. ती हातात आली की त्याच आठवड्याच्या बाजारात तेल, डाळ, चहापत्ती, मुलाच्या वह्या यांवर खर्च होते, आणि जुनी उधारी फिटते. उन्हाळ्यात शेतात काम नसते, तेव्हा तर लहान दुकानाचा गल्ला याच पैशावर चालतो. म्हणजे दुकानदाराने वर्षाला एकदा दिलेले पैसे त्याच्याच गिऱ्हाइकाच्या हातून परत दुकानात येतात. पैसा बेंगळुरूच्या मोठ्या प्रकल्पात गेला, तर तो आमच्या आठवडी बाजारात परत येईल कशाला?

राखीव कराचे गुणगानच करावे असेही नाही. महाराष्ट्रातच पुढे कामे कमी झाली, कर मात्र तितकाच वसूल होत राहिला आणि निधीच्या खात्यावर काही हजार कोटी साचले. नावाने राखीव आणि प्रत्यक्षात पडून, अशी गत झाली. दुसरा धोका सेसचा. एकदा गोड लागले की सरकार दर कामासाठी नवा सेस काढते, आणि पेट्रोलवरच्या केंद्राच्या सेसमधून तर राज्यांना वाटाही मिळत नाही. व्यापारी ‘राखीव’ शब्द ऐकताच दचकतात, त्यात त्यांचा दोष नाही.

परदेशातही हाच वाद चालतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांनी मतदान करून बंदुका व काडतुसांच्या विक्रीवर साडेसहा टक्के कर मंजूर केला आणि त्याचा पैसा गुन्ह्यांचे बळी ठरलेल्यांच्या मदतीसाठी, माजी सैनिकांच्या व मुलांच्या मानसिक उपचारांसाठी राखून ठेवला. एप्रिल २०२५ पासून तो लागू झाला. तिथल्या बंदूक विक्रेत्यांनी अर्थातच विरोध केला. परंतु एक गोष्ट घेण्याजोगी आहे. वर्षाला २० हजार डॉलरपेक्षा कमी विक्री असलेल्या दुकानांना त्यातून वगळले आहे. आपल्याकडेही सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला, पण त्यातला पैसा अमुक कामासाठी, असे कोठेही म्हटलेले नाही.

हा विषय आत्ताच काढण्याचे कारण आहे. २ फेब्रुवारी २००६ रोजी केंद्राची रोजगार हमी सुरू झाली, तेव्हा पहिल्या दोनशे जिल्ह्यांत बिदर आणि त्या वेळचा गुलबर्गा हे दोन्ही होते. त्या कायद्यात अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्राचा होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० चे १२५ झाले, पण कर्नाटकासारख्या राज्याने खर्चाचा ४० टक्के वाटा द्यायचा आहे. हा वाटा वेळेवर निघाला नाही तर मजुरी थकेल, आणि मजुरी थकली की दुकानदाराची उधारी थकेल.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. नवा कर नको, नवा सेस नको. कल्याण कर्नाटकातील जिल्ह्यांतून जमणारा व्यवसाय कर वेगळ्या खात्यात दाखवावा आणि तो प्रथम याच भागातील रोजगाराच्या राज्य-हिश्शासाठी वापरावा. जमा किती आणि खर्च किती, हे दरवर्षी तालुकावार छापावे. तामिळनाडू आणि केरळात हा कर स्थानिक संस्थाच वसूल करतात, तेव्हा असे काही करता येत नाही, हे कारण चालणार नाही. आणि एकट्याने चालणाऱ्या, नोकर नसलेल्या दुकानाला यातून सूट द्यावी. ३७१ जे कलम मिळवण्यासाठी या भागाने २०१२ पर्यंत वाट पाहिली. आपल्या आमदारांनी ही मागणी पुढच्या अर्थसंकल्पाआधी लेखी मांडावी. कोणत्या आमदाराने ती मांडली आणि कोणी टाळली, हे आम्ही याच पानावर नावानिशी छापू.