खलनायकाचा प्रश्न

खलनायकाला शिव्या घालणे सोपे. त्याला उत्तर देणे कठीण. रायन कूगलरचा ‘ब्लॅक पँथर’ (२०१८) हा अमेरिकन बोलपट पाहताना हे जाणवते. आफ्रिकेतले कल्पित वाकांडा संपन्न, पण आपले वैभव जगापासून झाकून बसलेले. तिथल्या राजाने १९९२ साली अमेरिकेत, ओकलंडला, आपल्या भावाला ठार केले आणि त्याचा मुलगा तिथेच टाकून दिला. तोच हा किलमाँगर. त्याचा सवाल एकच : जगभर आपले लोक भरडले जात होते, तेव्हा तुम्ही कोठे होता? त्याचा मार्ग शस्त्रांचा, म्हणून तो मरतो. पण विजयी नायक अखेरीस त्याच ओकलंडमध्ये मदतकेंद्र उघडतो! लढाई नायकाने जिंकली, वाद मात्र खलनायकाने. दार लावून सुखात बसलेल्या कोणत्या घराला हा सवाल लागू नाही?