माणूस कीं निशाण?

मुष्टियुद्ध हा रानटीपणाचा अवशेष असून त्यांतील विजेत्यांच्या चरित्रांकडे लक्ष देणें सुशिक्षितांस शोभत नाहीं, असें मत आमच्याकडे वारंवार ऐकूं येतें. उलटपक्षीं या खेळाचे भोक्ते म्हणतात कीं, योद्ध्याचा ठोसा तेवढा पाहावा. त्याचें मन, त्याचें घर, त्याचें कर्ज यांच्याशीं प्रेक्षकास काय कर्तव्य? हीं दोन्ही मतें आम्हांस चुकीचीं वाटतात. डोक्यावरील आघातांनीं मेंदूस इजा होते, हा पहिल्या पक्षाचा मुद्दा आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. पण खेळ निंद्य म्हणून खेळणारा उपेक्षणीय, हें कोठलें तर्कशास्त्र? दुसऱ्या पक्षाचा अपराध मात्र आम्ही अधिक गंभीर मानतों. त्यास पुरावा जो लुई आणि माक्स श्मेलिंग यांचा.

१९३६ च्या जूनमध्यें न्यूयॉर्क येथें जर्मन श्मेलिंगनें अमेरिकेच्या कृष्णवर्णी लुईस बाराव्या फेरींत लोळविलें. नाझींनीं तो आर्य वंशाचा विजय म्हणून मिरविला. पुढें १९३७ सालीं लुई जगज्जेता झाला आणि २२ जून १९३८ रोजीं यांकी स्टेडियममध्यें सुमारें ७०,००० प्रेक्षकांसमक्ष त्यानें श्मेलिंगचा अवघ्या १२४ सेकंदांत निकाल लावला. ज्या देशाच्या दक्षिण भागांत लुईच्या बांधवांस गोऱ्यांच्या शेजारीं बसून जेवण्याची मुभा नव्हती, तोच देश त्या रात्रीं त्यास स्वातंत्र्याचा कैवारी म्हणूं लागला!

आमचा आक्षेप येथेंच आहे. दोन्ही राष्ट्रांनीं या दोघांचीं निशाणें केलीं. आणि निशाणास पोटही नसतें, विवेकही नसतो. श्मेलिंग हा १९३६ सालीं हिटलरच्या पंक्तीस जेवला होता, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु आपला यहुदी व्यवस्थापक जो जेकब्स यास सोडण्याचें त्यानें नाकारिलें. आणि नोव्हेंबर १९३८ मध्यें यहुद्यांचीं प्रार्थनामंदिरें जळत असतां दोन यहुदी मुलांस त्यानें बर्लिनमध्यें आश्रय दिला. ही गोष्ट जगास कळली ती १९८९ सालीं, आणि तीही त्या मुलांपैकीं एकाच्या तोंडून. केवळ ठोसा पाहणारास हा श्मेलिंग कधीं दिसला असता काय?

लुईची कथा याहून कडू आहे. त्यानें २५ वेळां आपलें पद राखिलें. १९४२ सालीं दोन सामन्यांची कमाई त्यानें आरमाराच्या व सैन्याच्या साहाय्यनिधींस अर्पण केली आणि स्वतः सैन्यांत दाखल झाला. १९४९ सालीं तो निवृत्त झाला, तों प्राप्तिकराच्या थकबाकीनें त्यास पुन्हां रिंगणांत ओढिलें. १९५० सालीं एझर्ड चार्ल्सनें आणि १९५१ सालीं रॉकी मार्सियानोनें त्यास हरविलें. अखेरीस लास वेगासच्या एका जुगारगृहांत पाहुण्यांचें स्वागत करणें हा त्याचा व्यवसाय झाला. १९८१ सालीं तो वारला, तेव्हां अंत्यविधीच्या खर्चास हातभार लावणारांत एक जण होता: श्मेलिंग! राष्ट्रांनीं ज्यांस वैरी ठरविलें, ते कधींच मित्र झाले होते.

म्हणून विजेत्याच्या जीवनाविषयींचें कुतूहल ही रिकामटेकड्यांची चैन आहे, असें आम्ही मानीत नाहीं. तें पाहणाराचें ऋण आहे. आज आमच्या घरोघरीं मुलें आपल्या आवडत्या वीरांचीं चित्रें भिंतीस लावितात. त्यांस आकड्यांबरोबर माणसाची ओळखही करून द्यावी. तो हरेल त्या दिवशीं तें चित्र भिंतीवर राहतें कीं केराच्या टोपलींत जातें, यावरून आमच्या वीरपूजेची खरी किंमत ठरेल.