श्वासाचाही क्लास लावायचा का?

परवा आमच्या महिला मंडळात एक मैत्रीण सांगत होती, ‘‘घरी सगळं सोडवते गं, पण टेस्टला बसली की हात गार पडतात, येत असलेलंही आठवत नाही.’’ बारावीच्या बहुतेक घरांत हेच ऐकू येतं.

‘नीट’चं गणितच तसं आहे. 2025 मध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न होते, उत्तर चुकलं की एक गुण वजा. त्याआधी 2024 मध्ये पेपरफुटीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मुलं घाबरणार नाहीत तर काय?

यावर सध्या ‘माइंडफुलनेस’चा बोलबाला आहे. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये रुग्णांसाठी त्याचा अभ्यासक्रम सुरू केला. आपल्या इगतपुरीला शिकवतात ती आनापानही श्वासाकडेच लक्ष द्यायला सांगते. करायचं इतकंच, की येणारा-जाणारा श्वास बघायचा. ‘नंबर लागला नाही तर?’ असं मनात आलं, तर त्याच्याशी भांडायचं नाही, पुन्हा श्वासावर यायचं. मात्र सराव रोज हवा. आदल्या रात्री सुरू करून भागत नाही.

पण मैत्रिणींनो, ‘आज ध्यान केलंस का?’ म्हणून आपण मागे लागलो, तर ताणात भरच! शिवाय श्वास बघून पेपरफुटी थांबत नाही, त्याचा जाब सरकारलाच विचारायला हवा. घरात मात्र आधी आपण शांत होऊ या. टेस्टहून आलेल्या लेकीला गुणांऐवजी ‘जेवतेस ना?’ विचारू या. झोपच उडाली, रडू आवरेना, तर टेली-मानसचा 14416 हा मोफत नंबर फिरवायला लाजू नका.