खाली येणारे आदेश, अडलेली विचारपूस

‘अत्यंत तातडीचे. माहिती आजच सायंकाळी पाचपर्यंत लिंकवर भरावी.’ सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांना हा निरोप पाठ झाला आहे. व्हॉट्सअॅप गटावर त्याखाली ‘ओके सर’ची रांग लागते. तिसरीतली मुले जोडाक्षरांपाशी का अडखळतात, किंवा बांधकामावर आलेल्या कुटुंबांची मुले सत्राच्या मध्येच निघून जातात तेव्हा काय करायचे, हे तिथे कोणी विचारत नाही. विचारणार कसे? गटात वरिष्ठ असतात, आणि अडचण सांगणारा अकार्यक्षम ठरेल ही भीती खोटी नाही.

म्हणूनच रचना बदलली की शाळा सुधारेल, ही समजूत मला धोक्याची वाटते. पुणे महापालिकेचे शिक्षण मंडळ 2017 मध्ये संपले, कारभार थेट प्रशासनाकडे आला. पण मराठी, इंग्रजी, उर्दू, कन्नड अशा माध्यमांच्या शाळांचे प्रमुख अडल्यावर एकमेकांकडे जातात का, हा प्रश्न त्याने सुटत नाही. अमेरिकेतल्या अॅलन डाली आणि कारा फिनिगन यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुधारणेच्या दडपणाखालच्या शालेय जिल्ह्यात शाळाप्रमुख आणि मुख्यालय यांच्यातले दुवे विरळ आढळले होते. आदेश पोहोचतात, अनुभव पोहोचत नाही.

आपल्याकडचा धडा साताऱ्याच्या कुमठे बीटचा, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचा. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते हा ज्ञानरचनावाद प्रत्यक्ष वर्गात उतरवला. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा राज्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि कुमठ्यासारख्या फरशीवरच्या रंगीत आखण्या शाळाशाळांत उमटल्या. आखणीचा फोटो क्षणात पाठवता येतो. पण मूल कुठे अडले हे ओळखण्याची हातोटी शेजारच्या वर्गात बसून, चुकांविषयी मोकळेपणाने बोलूनच येते. तेवढी उसंत किती जणांना मिळाली?

जिल्हा परिषदांच्या शाळांत नव्वदच्या दशकात शाळांच्या गटांवर केंद्रप्रमुख आले ते अनुभवांच्या याच देवाणघेवाणीसाठी. शिक्षकांची महिन्याची शिक्षण परिषदही त्यासाठीच. पदे रिकामी राहिली, उरलेल्यांच्या वाट्याला तक्ते गोळा करणे आले, आणि परिषदेत सूचना वाचून दाखवल्या जाऊ लागल्या, तर ही व्यवस्था नावापुरती उरते.

पायाभूत साक्षरतेसाठी केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाने 2026-27 ची मुदत ठरवली आहे. मुख्याध्यापकांना वरिष्ठांविना भेटण्याची हक्काची वेळ मिळाली नाही, तर तोवर आकडे वेळेत भरले जातील आणि तिसरीतले मूल जोडाक्षरापाशीच थांबलेले असेल.