गोचीडनाशकांचा गुण टिकवण्यासाठी पशुपालकांना जाहीर आवाहन

गायी-म्हशींच्या अंगावरील गोचीड नेहमीच्या फवारणीला दाद देईनासे झाले, की दोष औषधाला किंवा विक्रेत्याला दिला जातो आणि पुढच्या खेपेस मात्रा दुप्पट केली जाते. परंतु पुष्कळदा औषध बनावट नसते, तर गोचिडांची पिढीच बदललेली असते, ही गोष्ट महाराष्ट्रातील प्रत्येक गोठ्यापर्यंत पोहोचणे निकडीचे झाले आहे.

औषध अंगावर पडल्याने गोचीड प्रतिकार करायला शिकत नाहीत. लाखो गोचिडांमध्ये मुळातच काही थोडे असे असतात, की ज्यांच्या जनुकांतील लहानशा फरकामुळे औषध त्यांना पुरते लागू पडत नाही. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन व फ्लुमेथ्रिन ही पायरेथ्रॉइड गटातील औषधे मज्जापेशींच्या सोडियम मार्गिकांवर, म्हणजे ज्या सूक्ष्म छिद्रांतून सोडियमचे कण आत शिरल्याने मज्जासंदेश पुढे सरकतो त्या छिद्रांवर, परिणाम करतात. मार्गिकेच्या प्रथिनात एका जागी बदल असला, तरी औषध तेथे नीट बसत नाही. काही गोचिडांत औषधाचे विघटन करणारी एस्टरेजसारखी विकरे जास्त प्रमाणात तयार होतात आणि औषध मज्जापेशींपर्यंत पोहोचण्याआधीच ते निकामी करतात. फवारणी येथे चाळणीचे काम करते: दुबळे गळून जातात, तगणारे मागे राहतात. अशी एकेक मादी रक्त पिऊन खाली पडल्यावर दोन ते तीन हजार अंडी घालते आणि वर्षाकाठी अनेक पिढ्या होतात, त्यामुळे विरळ असलेला गुण काही वर्षांतच सर्रास दिसू लागतो.

ऑस्ट्रेलियात हेच घडले. तेथे सोमलयुक्त पाण्याच्या हौदांतून गुरे काढली जात. 1930च्या दशकात सोमलाचा गुण कमी झाला, पुढे डीडीटी आणि त्यानंतर सेंद्रिय फॉस्फरस संयुगेही एकामागून एक निष्प्रभ होत गेली. डीडीटी व पायरेथ्रॉइड औषधे एकाच सोडियम मार्गिकेवर काम करत असल्याने एकाला दाद न देणारे गोचीड दुसऱ्यालाही तोंड देऊ शकतात. म्हणूनच दुकानातून वेगळ्या नावाची बाटली आणणे म्हणजे औषध बदलणे नव्हे. बाटलीवरील घटकाचे नाव वाचून तो कोणत्या गटातला आहे हे विचारून घ्यावे. अमित्राज वेगळ्या गटातील असल्याने डेल्टामेथ्रिनला खरा पर्याय ठरू शकते, सायपरमेथ्रिन ठरत नाही.

प्रत्यक्ष फवारणीतली हयगय हे प्रतिकारक्षमता वाढण्याचे एक मोठे कारण आहे. घाईघाईने पाठ व कुशी भिजवून पंप बाजूला ठेवला जातो. परंतु गोचीड चिकटलेले असतात ते कानाच्या आत, मानेखालच्या पोळीच्या घड्यांत, जांघेत, कासेभोवती आणि शेपटीखाली, जेथे औषधाचे जेमतेम काही थेंब पोहोचतात. अशा अपुऱ्या मात्रेत, आईबापांपैकी एकाकडूनच प्रतिकाराचा गुण मिळालेले गोचीडही वाचतात, जे पूर्ण मात्रेत कदाचित मेले असते. तेव्हा लेबलवरील प्रमाण मापानेच घ्यावे, जनावर डोक्यापासून खुरापर्यंत भिजवावे आणि पिकावरची कीटकनाशके जनावरांवर मुळीच वापरू नयेत. दुभत्या जनावरांना आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन सर्रास टोचणेही थांबले पाहिजे, कारण ते दुधात उतरते.

एका गोठ्याची काळजी मात्र पुरेशी नाही, कारण गायरान सामायिक असते आणि बाजारातून आणलेल्या बैलाबरोबर परगावचे प्रतिकारक्षम गोचीडही येतात. नवे जनावर काही दिवस वेगळे बांधून, गोचीड काढूनच दावणीला आणावे. कोणत्याही वेळी बहुतांश गोचीड अंडी, अळ्या वा कात टाकणाऱ्या अवस्थेत गवतात आणि भिंतींच्या भेगांत असल्याने भेगा बुजवणे, चुना लावणे व शेण-कचरा हलवणे ही कामे फवारणीइतकीच मोलाची आहेत. हाताने काढलेले गोचीड बोटांनी चिरडू नयेत; क्रायमियन-काँगो तापाच्या विषाणूची लागण अशा संपर्कातून माणसाला होऊ शकते आणि 2011 मध्ये गुजरातेत या तापाने माणसे दगावली आहेत.

संकरित गायी खिल्लार वा देवणीपेक्षा गोचिडांना आणि गोचीड तापाला अधिक बळी पडतात, त्यामुळे दूध धंद्यावर पोट असलेल्या कुटुंबांसाठी कामी येणारे प्रत्येक औषध अमोल आहे. योग्य फवारणीनंतरही रक्ताने फुगलेले गोचीड जिवंत दिसल्यास मात्रा न वाढवता ते झाकणाला बारीक छिद्रे पाडलेल्या बाटलीत घालून पशुवैद्यकांकडे द्यावेत आणि परभणी, उदगीर, शिरवळ किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील परजीवीशास्त्र विभागाकडून तपासणी होऊ शकते का, याची चौकशी करण्याची विनंती त्यांना करावी. ग्रामसभा व दूध संस्थांनी पावसाळ्यापूर्वी एकत्र बसून, पशुवैद्यकांच्या सल्ल्याने गावाने त्या हंगामात कोणत्या एका गटाचे औषध वापरावे हे ठरवावे आणि त्याचे नाव व मात्रा दूध संकलन केंद्राच्या फलकावर ठळक लिहावी, असे कळकळीचे आवाहन करण्यात येत आहे.