बाळाची कावीळ आणि 'घराण्याचा दोष'

नाशिकच्या भांडी बाजारातून जाताना तांब्या-पितळेची चकाकी आजही नजर खेचते. याच धातूंनी महाराष्ट्राला जनुकांबद्दल एक मोठा धडा दिला आहे. मूल आजारी पडलं की 'त्यांच्या घराण्यातच दोष आहे' असं आपण सहज बोलून जातो. म्हणून तो धडा पुन्हा सांगायला हवा.

एके काळी आपल्याकडे वर्ष-दोन वर्षांच्या मुलांचं पोट फुगायचं, यकृत कडक व्हायचं आणि काही महिन्यांत मूल हातचं जायचं. डॉक्टर या आजाराला इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस म्हणत. कधी एकाच घरातली दोन मुलं दगावत, त्यामुळे हा रक्तातूनच येतो असं अनेकांना वाटे. पुण्यातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत वेगळा प्रश्न विचारला: या बाळांना दूध कशात तापवून देतात? १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. वरचं दूध लवकर सुरू झालेलं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं. दुधात उतरलेलं तांबं यकृतात साठत होतं. घरात स्टील आलं आणि आजार जवळपास नाहीसा झाला.

मग जनुकांचा काहीच संबंध नाही? ऑस्ट्रियातल्या टायरॉल भागात १९०० ते १९७४ या काळात अशाच आजाराने १३८ मुलं गेली. तिथेही तांब्याची भांडी होती, पण आजार ज्या रीतीने कुटुंबांत उतरला त्यावरून संशोधकांना जनुकाचाही हात दिसला. जनुक कुणी बदललं नाही. भांडी बदलली आणि मुलं वाचली.

आज विज्ञान आणखी पुढे गेलं आहे. यकृताच्या पेशीतून पित्त बाहेर नेण्याशी संबंधित काही जनुकं १९९८ मध्ये ओळखली गेली. त्यांत बिघाड असेल तर बाळाचं पित्त यकृतातच तुंबतं. अशा आजारात आई-वडील दोघंही ठणठणीत असतात, फक्त दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असते. प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. इथे आईचा दोष कुठे आला?

जवळच्या नात्यात लग्न झालं तर दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते, हे खरं आहे. ही गोष्ट फक्त आपल्या समाजाची नाही. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्रात इतरांतही आहे. चुलत-मामे भावंडांत निकाहची परवानगी आहे, सक्ती नाही. घरात पूर्वी एखादं बाळ काविळीने गेलं असेल, तर नातं पक्कं करण्याआधी जनुकीय सल्ला घेण्यात लाज कसली? ते लपवण्यातच धोका आहे.

पण प्रत्येक काविळीमागे घराणं शोधू नका. बिलिअरी अट्रेझिया या आजारात पित्तनलिका बंद पडते आणि तो सहसा आनुवंशिक नसतो. त्यावर जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांच्या नावाची शस्त्रक्रिया आहे. ती बाळ साठ दिवसांचं होण्याआधी झाली, तर यश येण्याची शक्यता जास्त असते. हेच साठ दिवस आपण नजर काढण्यात, ताविज बांधण्यात, बाळाला उन्हात धरण्यात आणि सुनेला बोल लावण्यात घालवतो. दुआ जरूर करा, पण दवाखान्याच्या वाटेवर करा.

लक्षात ठेवायचं ते एवढंच: कावीळ चौदा दिवसांनंतरही टिकली, शी पांढरट किंवा मातकट झाली, लघवीने लंगोट पिवळा होऊ लागला, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा आणि 'डायरेक्ट बिलिरुबिन'ची तपासणी करायला सांगा. आशाताई बाळाला पाहायला बेचाळीस दिवसांपर्यंत घरी येतात. त्यांना शीचा रंग मोकळेपणाने सांगा.

तुमच्या मोहल्ल्यात या आठवड्यात कुणाकडे बाळ झालं असेल, तर मुबारकबाद द्यायला जाताना दादी-नानीलाही ही गोष्ट सांगून या. बाळाचे लंगोट बहुतेक त्याच बदलतात.